जुन्या कौटुंबिक फोटोत अर्धीच गाडी दिसतेय, मॉडेल कसं ओळखायचं?

मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका. मूळ प्रिंट 1200 डीपीआयवर (दर इंचातले ठिपके, म्हणजे स्कॅनची बारकाई) स्कॅन करा, मग चाकाची टोपी आणि रेडिएटरची चौकट मोठी करून बघा. कंपनीचं नाव बहुधा तिथेच सापडतं.

आधी प्रिंट उलटी तर नाही ना, हे पाहा. नंबरप्लेटची अक्षरं आरशातल्यासारखी दिसली, तर स्टिअरिंगची बाजूही चुकीची दिसणार.

नाव वाचता आलं नाही, तर बारकाव्यांवर या. फोर्ड मॉडेल टी 1908 ते 1927 अशी निघाली, पण पितळी रेडिएटर 1916 पर्यंतच; 1917 पासून तो काळा. फोटो कृष्णधवल असला तरी पितळ चकाकतं, काळा रंग नाही. फोक्सवॅगन बीटल पाठमोरी असेल तर काम सोपं: मागची काच दोन तुकड्यांची असेल तर 1953 च्या मार्चपर्यंतची, लंबगोल असेल तर त्यानंतर 1957 पर्यंतची.

गाडीवरून फोटोचं साल ठरवताना मात्र बहुतेक जण फसतात. गाड्या पंधरा-वीस वर्षं सहज वापरात असत. त्यामुळे फोटो कोणत्या सालाच्या आधीचा नाही, एवढंच गाडी सांगते.