लॉनमधला लव्हाळा आणि बिननिवडक तणनाशक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोसायटीच्या लॉनमध्ये लव्हाळा माजलाय. माळी म्हणतो, ग्लायफोसेट मारलं की मुळासकट जाईल. लॉनला धक्का लागेल का? (कोथरूड, पुणे)

धक्का कसला, लॉनच जाईल. ग्लायफोसेट बिननिवडक आहे. हिरवं पान लव्हाळ्याचं की तुमच्या महागड्या कार्पेटचं (म्हणजे तयार अंथरलेल्या लॉनचं), त्याला फरक पडत नाही. अमिनो आम्लं तयार करणारं झाडातलं एक एन्झाइम ते बंद पाडतं आणि रसाबरोबर मुळांकडे उतरतं. माळ्याचं म्हणणं इथवर खरं. पण लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या ओवलेल्या असतात. ज्या गाठीला अजून पान नाही, तिच्यापर्यंत औषध नीट पोचत नाही. ती मागाहून फुटते.

लव्हाळा तुरळक असेल तर फवारणी नकोच. कापणीनंतर चार-पाच दिवसांत तो लॉनच्या वर डोकं काढतो. तेव्हा रबरी हातमोज्यावर सुती मोजा चढवून, तो द्रावणात भिजवून पिळायचा आणि फक्त लव्हाळ्याची पानं पुसायची. कंटाळवाणं काम आहे, पण लॉन वाचतं. अर्ध्याहून जास्त लॉन लव्हाळ्यानं खाल्लं असेल तर मात्र माया सोडा. सगळं फवारा, दोन आठवड्यांनी पाणी देऊन उरलेल्या गाठी फुटू द्या, पुन्हा फवारा, मगच नवं कार्पेट. त्याखाली घालायची लाल माती आधी चाळून बघा. लव्हाळा बहुधा तिच्यातूनच आलेला असतो.

प्रश्न : मग बाटली आणून मीच मारू का? दुकानदार पॅराक्वाट हे दुसरं तणनाशकही देतो म्हणतो. (ठाणे)

दोन्ही नको. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. त्यामुळे वरची पुसापुशीसुद्धा त्यांच्याकडूनच करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली ते ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. त्यावर नियामक संस्थांमध्ये अजून एकमत नाही. पॅराक्वाटबद्दल मात्र वादच नाही. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. शिवाय ते वरची पानं जाळतं, गाठी शाबूत राहतात. घरात लहान मूल असो वा नसो, ती बाटली आणू नका.

प्रश्न : व्यावसायिकाकडून फवारून घेतलं, चार दिवस झाले तरी हरळी हिरवीगार. पुन्हा मारायला सांगू? (नाशिक)

थांबा. हरळी पिवळी पडायला दहा-पंधरा दिवस लागतात. त्यानंतरही हिरवी राहिली, तर पाणी कुठलं वापरलं ते विचारा. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं. जमिनीवर पडलं की निकामी होतं ते त्यामुळेच. हीच गोष्ट गढूळ पाण्यात पंपातच घडते. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही त्याला अडकवतं. गवत कापून लगेच फवारलं असेल किंवा सहा तासांच्या आत पाऊस झाला असेल, तरी मेहनत वाया.

प्रश्न : पेव्हरच्या फटींत मीठ ओतलं तर? (डोंबिवली)

तण मरेल, पण पहिल्या पावसात मीठ शेजारच्या वाफ्यात उतरेल. उकळतं पाणी ओता, खुरप्यानं फटी साफ करा, वाळू ठासून भरा.

प्रश्न : कडेचं गवत मारल्यावर गुलाबाची नवी पानं सुईसारखी बारीक येताहेत. रोग आहे का? (कोल्हापूर)

रोग नाही, औषधाचे तुषार उडालेत. गुलाबाच्या हिरव्या फांदीतूनही ते आत शिरतं. पपईच्या कोवळ्या खोडाचंही तेच. वेड्यावाकड्या फांद्या निरोगी भागापर्यंत छाटा, पाणी द्या आणि एक-दोन बहर वाट बघा. पंप कुणाचा होता, हेही विचारा. आधी त्यात २,४-डी (रुंद पानांच्या झाडांना मारणारं तणनाशक) असेल तर नुसत्या खळबळण्यानं ते जात नाही. वाऱ्यानं उडालेलं २,४-डी काय करतं, हे द्राक्षबागायतदार तुम्हाला न विचारता सांगतील. तणनाशकाचा पंप वेगळाच हवा, नोझलला टोप हवा, आणि वारा सुटायच्या आत, सकाळीच काम उरकायला हवं. तुमच्याकडे आलेल्या माणसाच्या पंपाला टोप नसेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.