तसबीर करण्याआधी: गोव्याच्या दमट हवेत जुन्या घरगुती वस्तू जपताना

ताई, आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. डिचोलीच्या जुन्या घराची डागडुजी संपत आली आहे आणि सोप्यावरच्या मोठ्या भिंतीवर आपल्याला चार वस्तू तसबिरीत लावायच्या आहेत: आजी-आजोबांच्या लग्नाचा १९५२ सालचा काळापांढरा फोटो, आजीने हाताने शिवलेली कुंची, तिची पैठणी आणि पणजोबांच्या नावे असलेला १८९८ सालचा पोर्तुगीज भाषेतील हस्तलिखित दस्तऐवज. तसबीरवाल्याने ‘सगळे प्लायवर चिकटवतो, वर काच बसवतो आणि मागून पक्के बंद करून देतो’ असे सांगितले असून त्याला होकार द्यावा का, हे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की होकार देऊ नये. फोटो आणि कुंची लावावी, दस्तऐवजाची केवळ प्रत लावावी आणि पैठणी भिंतीवर नेऊच नये.

यामागचे मुख्य कारण आपली हवा आहे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर रेंगाळू लागली की कागदावर, कापडावर बुरशी धरू शकते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती दिवसेंदिवस ८० च्या खाली उतरत नाही. त्यात आपली घरे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो आणि ते सावकाश आतल्या बाजूला पोहोचवतो. म्हणून पावसाचा मारा घेणारी नैऋत्येची किंवा पश्चिमेची बाहेरची भिंत बाहेरून कितीही देखणी रंगवली तरी तसबिरीसाठी वाईटच. दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडावी, आणि राजांगणाकडच्या, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकाकडच्या, भिंतीवर पावसाची झड येत असेल तर तीही टाळावी. तसबिरीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे जाड तुकडे लावले की भिंत आणि तसबीर यांच्यामध्ये बोटभर फट राहते व हवा खेळते. हा एवढासा उपाय महागड्या काचेपेक्षा अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

फोटोच्या बाबतीत मी स्वतः केलेली चूक सांगतो. आमच्या फोंड्याच्या घरात आजोबांचा पागोटे घातलेला एक मोठा फोटो होता. तो एका दुकानातून नव्या तसबिरीत बसवून आणला तेव्हा फोटो थेट काचेला टेकलेला आहे, हे माझ्या लक्षातही आले नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गालापाशी रुपयाएवढा एक चकचकीत, ओलसर दिसणारा डाग उमटला. तसबीर उघडून मी फोटो हलक्या हाताने ओढला, आणि एक डोळा व पागोट्याची कड काचेवरच राहिली. काळ्यापांढऱ्या फोटोत प्रतिमा घडवणारे चांदीचे सूक्ष्म कण जिलेटिनच्या पातळ थरात असतात. दमट हवेत तो थर मऊ होऊन काचेला चिकटतो आणि सुकताना तिथेच धरून बसतो. आपल्या फोटोवर असा डाग आधीच दिसत असेल तर तो कोणालाही ओढू देऊ नका. काचेसकट स्कॅन करून घ्या आणि सोडवण्याचे काम संवर्धकावर, म्हणजे जुन्या वस्तू जपण्या-दुरुस्त करण्यातल्या जाणकारावर, सोपवा. डाग नसेल तर फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड माउंट (मध्ये खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट) किंवा काचेच्या कडेने बसणारी पट्टी टाकून अंतर ठेवण्यास सांगा.

माउंटचा बोर्ड आम्लमुक्त असावा, शक्यतो कापसाच्या लगद्याचा. साधा बोर्ड काही वर्षांत पिवळा पडतो आणि खिडकी कापलेल्या कडेला लागून फोटोवर तपकिरी रेघ उमटवतो. फोटो बोर्डाला गोंदाने, फेव्हिकॉलने किंवा दुतर्फी टेपने चिकटवू नये. कोपऱ्यांवर कागदी खाचा बसवून फोटो त्यांत अडकवला की पुढेमागे कोणालाही तो काडीचा त्रास न होता बाहेर काढता येतो. कोणत्याही तसबिरीबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारतो की ती उद्या उघडता येईल का.

कुंचीवर मात्र मन लावून काम करावे, कारण ती हलकी असते, आकाराने लहान असते आणि चारही वस्तूंत भिंतीवर सर्वांत अधिक खुलून दिसणारी तीच आहे. ती धुऊ नका. जुने रंग फुटतात आणि गोटा काळवंडतो. तोंडावर जाळीचे फडके बांधलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने, अगदी कमी ओढीवर, धूळ काढा. मग कसरीची शंका मिटवण्यासाठी ती हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, म्हणजे दव पिशवीवर जमेल, कापडावर नव्हे. नंतर बिनरंगी मांजरपाट आणून साबणाशिवाय गरम पाण्यात दोनदा धुवावा, जेणेकरून त्याची खळ निघून जाईल, कारण खळ हे कसरीचे अन्नच आहे. हा मांजरपाट आम्लमुक्त बोर्डावर ताणून बसवावा आणि कुंचीच्या टोपीत धुतलेल्या सुती कापडाचा मऊ बोळा घालून तिला गोलाई द्यावी. मग बारीक सुईने कुंची शिवणींच्या आधाराने आठ-दहा ठिकाणी टाचावी. सुई धाग्यांच्या मधून न्यावी, धाग्यातून नव्हे. दोरा कुंचीच्या कापडापेक्षा मजबूत नसावा, म्हणजे कधी ताण आला तर दोरा तुटेल आणि कापड वाचेल. तसबीर दोन-अडीच इंच खोल, पेटीसारखी हवी. माझ्या मुलीच्या कुंचीला मी असे टाके घालत होतो तेव्हा आतल्या अस्तराला आईने जुन्या लुगड्याचा तुकडा लावल्याचे पहिल्यांदा दिसले. म्हणून शिवण्याआधी आतल्या बाजूचे फोटो जरूर काढून ठेवा.

दस्तऐवजाविषयी माझे मत कडक आहे. एकोणिसाव्या शतकातील पोर्तुगीज कागदपत्रांवर बहुधा मायफळ आणि हिराकस यांच्यापासून केलेली शाई असते. ती आम्लधर्मी असते. ओलावा मिळाला की तिच्यातले लोह कागद आतून खाऊ लागते, आणि जिथे लेखणी दाबली गेली असेल तिथे अक्षराच्या आकाराचे भोक पडते. अक्षरांभोवती तपकिरी छटा दिसत असेल तर ही प्रक्रिया चालू आहे असे समजावे. असा कागद पाण्याने पुसू नये, इस्त्री करू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये, कारण ते सुटत नाही. शिवाय १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० मध्ये येथे लागू झाली, तेव्हापासूनच्या जुन्या नोंदींवर वारसा आणि जमिनीची प्रकरणे आजही उभी राहतात. प्लायवर चिकटवलेला मूळ कागद वकिलाच्या टेबलावर न्यायची वेळ आली तर काय कराल, याचाही विचार करा. ६०० डीपीआयवर स्कॅन करून, चांगल्या कापशी कागदावर पिगमेंट शाईत छापलेली प्रत तसबिरीत लावली तर चार हातांवरून फरक कोणाला कळत नाही. मूळ कागद न घडी घालता आम्लमुक्त लिफाफ्यात, पेटीत आडवा, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. डांबराच्या गोळ्या त्यात नकोत.

पैठणीचा पदर कापून तसबीर करण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. अख्खे लुगडे टांगले तर त्याच्याच वजनाने रेशीम घड्यांवर चिरते, आणि उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. मांजरपाट गुंडाळलेल्या जाड नळीवर ती गुंडाळून ठेवा आणि लग्नकार्यात अंगावर घ्या.

उजेडाचा नियम कुंची आणि फोटोलाही तितकाच लागू आहे. संग्रहालयांत अशा वस्तूंवर सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेडाचे माप) एवढाच मंद उजेड ठेवतात. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत, दिवसा तो याच्या कितीतरी पट असतो. अतिनील किरणे अडवणारी काच घेणे योग्यच, परंतु तिने रंग उडणे मंदावते, थांबत नाही.

तसबीरवाल्याशी बोलताना या गोष्टी लिहूनच द्याव्यात: मागे प्लाय किंवा एमडीएफ नको, लाकडी पट्टी सागाची असावी आणि खाचेच्या आत ॲल्युमिनियमची टेप लावावी, म्हणजे लाकडाचा वास व आम्ल आत उतरणार नाही, मागचा भाग खिळ्यांनी न ठोकता स्क्रूने किंवा वळणाऱ्या पत्र्याच्या टाचण्यांनी धरावा. आणि सगळे जोडकाम जानेवारी ते मार्च या कोरड्या दिवसांत करून घ्यावे. जुलैत तसबीर बंद केली तर माउंट, बोर्ड आणि मांजरपाट यांनी शोषलेला ओलावा आपण आतच कोंडतो. सिलिका जेलची पुडी टाकून हा प्रश्न सुटत नाही, कारण आपल्या एकाच पावसाळ्यात ती भरून जाते.

चवथीच्या साफसफाईत घरातली पोरे काचेवर सरळ फवारा मारतात, आणि ते पाणी खालच्या पट्टीत झिरपते. फवारा फडक्यावर घ्यावा हे त्यांना आधीच बजावून ठेवा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की प्रत्येक तसबीर एकदा खाली काढून पाठ पाहावी, वास घ्यावा, कोपऱ्यात भुकटी दिसते का ते तपासावे. फोटोतल्या माणसांची नावे, नाती आणि गाव यांची नोंद मऊ पेन्सिलीने वेगळ्या आम्लमुक्त कागदावर करून तो लिफाफा तसबिरीच्या पाठीला बाहेरून अडकवा. आमच्या आजोबांच्या शेजारी उभा असलेला मुलगा कोण, हे सांगणारे आता आमच्या घरात कोणी उरलेले नाही.