दुष्काळी गावातल्या छोट्या शेतकऱ्यांना बोअर मारून द्यावं का?

तुम्ही म्हणता, दोन-तीन एकरवाल्यांसाठी पैसे जमवलेत, बोअर मारून द्यायचा विचार आहे. माझं स्पष्ट मत: नको. खोलवर लागलेलं पाणी अनेकदा शेजाऱ्याच्या विहिरीतलंच असतं, आणि एकाने चारशे फूट नेलं की दुसरा सहाशे नेतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या दुष्काळी गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली, ती उगाच नाही. तिथे पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं-जनावरं, मग पिकं. ऊस, केळी नाहीच.

पैसे घरच्या दाण्यावर लावा. सगळं रान सोयाबीनखाली असेल आणि ते गेलं, तर पैसाही नाही नि खायलाही नाही. लातूर-धाराशिवकडे बायकांनी घरच्यांशी भांडून-समजावून एक एकर मागून घेतलं (स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था पाठीशी होती) आणि त्यात डाळी, ज्वारी, भाज्या मिसळून लावल्या. तुरीचं मूळ खोल जातं, एखादा पाऊस हुकला तरी तग धरते. रब्बी ज्वारी जमिनीत उरलेल्या ओलीवर येते, वर कडबा मिळतो, म्हणजे बैल विकावा लागत नाही.

तेव्हा बियाणं, शेणखत आणि बांधबंदिस्ती. आणि हो, सातबारा नावावर नसलेल्या बायकांना आधी विचारा.