ताडपत्री आवळून बांधलेली होडी आतून का कुजते (स्वानुभव)

दादा, तुम्ही लिहिलंय की मालवणला फायबरची होडी वर काढून निळी ताडपत्री पार वाळूपर्यंत खेचून बांधली, थेंब आत जात नाही, तरी कुबट वास येतोय आणि दोरांवर पांढरी बुरशी. वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण डिट्टो हेच मी हर्णैला केलेलं.

होडी कशी ओढायची, ओंडके कुठे लावायचे ते तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

माझं नडलं ते बूच. वाळू, खेकडे आत जातील म्हणून मागचं पाणी काढायचं बूच मी लावूनच ठेवलं. तळाला दोन तांबे पाणी राहिलं असेल फार तर. पण जरा उघडीप पडली की आत भट्टी, त्या पाण्याची आणि खालच्या ओल्या वाळूची वाफ वर जाणार, रात्री ताडपत्री गार झाली की तीच थेंब थेंब परत खाली. पावसाळी मासेमारीबंदी तेव्हा १ जून ते ३१ जुलै, मी ताडपत्री उघडली थेट नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. मशीन बसतं त्या मागच्या फळीच्या बोल्टच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घातला तर पावात जावा तसा बोटभर शिरला. वरून फायबर चकाचक, आतलं प्लायवूड चिखल.

शेजारचे काका दरवर्षी सांगायचे, खाऱ्यापेक्षा गोडं पाणी लाकडाला वाईट. त्यांची होडी नारळाच्या विणलेल्या झापांनी शाकारलेली, जरा गळायची पण वारा आरपार. मी हसायचो त्यांना.

मग भरपाईसाठी एका हापिसात चार खेपा. "वादळात पाणी शिरलं का?" नाही. "मग हा ओलावा, तो बसत नाही." बरं, नाही तर नाही, पण ते पहिल्याच दिवशी सांगा ना! दर खेपेला नवा फोटो मागत होते. जाऊदे.

आता मी काय करतो ते सांगतो, मी काही होड्या बांधणारा नाही, तुमच्याकडच्या सुतारालाही विचारा. बूच काढून खिशात, नाळेकडची म्हणजे पुढची बाजू वीतभर उंच, काठाच्या वर दोन फुटांवर बांबूचं आढं म्हणजे पाणी साचत नाही, ताडपत्री काठाखाली थोडीच उतरवायची आणि पुढेमागे तोंडं उघडी, फक्त वर पडवीसारखी ताडपत्री थोडी पुढे काढायची. बांबू घासतो तिथे सायकलची जुनी ट्यूब. आतली झाकणं उघडी, जाळी आणि लाइफ जॅकेट घरी माळ्यावर. जुलैत बाहेरची हवाच ओली, त्यामुळे खडखडीत सुकेल ही आशा नको, पण उघडीप मिळाली की एक बाजू वर टाकायचीच. ते मिठाचे, कोळशाचे डबे ठेवायला सांगतात ना, माझ्या मते पैसे फुकट, अशा हवेत दोन दिवसांत भिजून बसतात.

आणि पेट्रोलची टाकी त्या ताडपत्रीखालीच असेल तर बाकी सगळं राहूदे, आधी ती बाहेर काढा.