सायकल, श्वास आणि मास्क : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

श्वसनमार्गाने पसरणाऱ्या आजाराची साथ आली की सायकलस्वारांची दुहेरी अडचण होते. गर्दीची वाहने टाळायची तर सायकल सोयीची, आणि सायकलवर धाप लागली की तोंडावरचा मास्क नकोसा होतो. या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. उत्तरे मुख्यतः कोविड-19च्या साथीत हाती आलेल्या माहितीवर आधारलेली आहेत.

प्रश्न : मी पहाटे एकटाच मोकळ्या रस्त्याने सायकल चालवतो. वाटेत क्वचितच कोणी भेटते. तरीही मास्क लावायलाच हवा का?

आरोग्याच्या दृष्टीने विचारत असाल, तर चालत्या सायकलवर त्याची गरज नाही. उघड्यावर श्वासातून बाहेर पडलेले सूक्ष्म कण वाऱ्याने लगेच विरळ होतात, आणि समोरून कोणी गेलेच तरी त्याच्याजवळ तुम्ही एखाद-दोन सेकंदच असता. संसर्ग होण्यासाठी विषाणू पुरेशा प्रमाणात शरीरात जावे लागतात आणि इतक्या थोड्या वेळात तसे घडण्याची शक्यता फारच कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही जून 2020 मध्ये दमणूक करणारा व्यायाम करताना मास्क लावू नये, त्याऐवजी इतरांपासून किमान एक मीटर अंतर राखावे, असे सांगितले होते.

मात्र मास्क घरी ठेवून निघू नका. सायकलस्वार लोकांच्या खऱ्या अर्थाने जवळ येतो तो थांबल्यावर : सिग्नलपाशी, पंक्चर काढून घेताना, पाण्याची बाटली घ्यायला दुकानात शिरताना. चढ चढून आलेला माणूस थांबला तरी त्याचा श्वास काही मिनिटे जोरातच चालू असतो, म्हणजे सर्वांत जास्त हवा तो बाहेर टाकतो ती नेमकी दुसऱ्यांच्या शेजारी उभा असताना. म्हणून मास्क थांबताक्षणीच, एक पाय जमिनीवर टेकून वर घ्यावा. दुकानाच्या दारात पोहोचल्यावर खिसे चाचपू नयेत. तुमच्या भागात रस्त्यावरही मास्क सक्तीचा असेल, तर अर्थातच तो नियम पाळावा लागेल.

प्रश्न : चढावर मास्क लावला की जीव घुसमटतो. रक्तातला ऑक्सिजन कमी होतो आणि आपलाच कार्बन डायऑक्साइड परत आत जातो, असे ऐकले. हे खरे आहे का?

घुसमट खरी आहे; तिचे जे कारण तुम्ही ऐकलेत ते मात्र खरे नाही. ऑक्सिजनचा रेणू साधारण 0.3 नॅनोमीटरचा असतो आणि कोरोना विषाणू सुमारे 100 नॅनोमीटरचा. मास्कच्या धाग्यांमधली जागा या दोहोंपेक्षाही पुष्कळ मोठी असते. धाग्यांवर आदळून किंवा स्थिर विद्युतभाराने ओढले जाऊन कण अडकतात, वायू मात्र अडत नाही. मास्कच्या आत थोडी उच्छ्वासाची हवा राहते हे बरोबर, पण एका खोल श्वासात आपण जेवढी हवा आत घेतो तिच्या मानाने ती फारच थोडी असते.

मग त्रास कशाने होतो? विसाव्याच्या वेळी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात पेडल मारताना हेच प्रमाण शंभर लिटरच्या आसपास जाऊ शकते. एवढी हवा कापडातून ओढायची म्हणजे श्वासाच्या स्नायूंना जादा काम पडते. त्यात चेहऱ्याजवळची हवा गरम आणि दमट होते, आणि मेंदू ही जाणीव ‘हवा पुरत नाही’ अशी नोंदवतो. घामाने मास्क भिजला की धाग्यांमधल्या जागा पाण्याने भरतात; श्वास घेताना कापड नाकपुड्यांना चिकटते आणि हवा कडेच्या फटींतून शिरू लागते. म्हणजे ओला मास्क त्रासही देतो आणि गाळण्याचे कामही धड करत नाही.

या प्रश्नावर 2020 मध्ये दोन अभ्यास गाजले आणि वरवर पाहता ते एकमेकांच्या उलट वाटतात. कॅनडातल्या अभ्यासात 14 निरोगी व्यक्तींनी स्थिर सायकलवर पूर्ण दमेपर्यंत व्यायाम केला; कापडी किंवा सर्जिकल मास्कमुळे त्यांची क्षमता किंवा रक्तातील ऑक्सिजनची पातळी कमी झाल्याचे दिसले नाही. जर्मनीतल्या लाइपझिग येथील अभ्यासात 12 निरोगी पुरुष होते. त्यांच्यात सर्जिकल मास्कने कमाल क्षमता घटली आणि एफएफपी2 (एन95सारख्या, अधिक गाळणाऱ्या) मास्कने ती आणखी घटली. दोन्ही अभ्यास लहान आहेत, आणि दोन्हींत माणसांना थकव्याच्या टोकापर्यंत नेले होते. कामावर जाण्यासाठी बेताच्या वेगाने सायकल चालवणाऱ्याला त्यातून एवढेच घेता येईल, की साध्या मास्कने अपाय होत नाही, आणि शर्यतीचा सराव एन95 लावून करण्यात अर्थ नाही.

दमा, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र हे निष्कर्ष स्वतःला लागू करू नयेत. वरचे सहभागी निरोगी होते. चक्कर येणे, छातीत दडपण वाटणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले, तर बाजूला थांबून आधी मास्क काढावा आणि डॉक्टरांना भेटेपर्यंत वेग वाढवू नये.

प्रश्न : आम्ही सात-आठ जण एकामागे एक सायकली चालवतो. पुढच्याच्या मागे 20 मीटर अंतर ठेवावे असे वाचले. एवढे अंतर ठेवले तर एकत्र जाण्यात काय उरले?

हा आकडा आला कुठून ते आधी पाहू. एप्रिल 2020 मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या अभियंत्यांनी संगणकावर हवेच्या प्रवाहाचे गणित मांडून दाखवले, की पुढे चालणाऱ्या, धावणाऱ्या किंवा सायकल चालवणाऱ्या माणसाच्या तोंडातून निघालेले थेंब त्याच्या पाठीमागे तयार होणाऱ्या हवेच्या पट्ट्यात रेंगाळतात. त्यावरून त्यांनी चालणाऱ्यामागे चार-पाच मीटर, धावणाऱ्या किंवा सावकाश सायकल चालवणाऱ्यामागे 10 मीटर आणि वेगात सायकल चालवणाऱ्यामागे 20 मीटर अंतर सुचवले. हे गणित इतर तज्ज्ञांनी तपासण्यापूर्वीच जगभर पोहोचले. थेंब कोठवर जातात एवढेच त्यात पाहिले होते. त्या थेंबांमुळे आजार किती होतो हा प्रश्न त्यात नव्हताच, आणि रस्त्यावर सतत बदलणारा आडवा वाराही त्या मांडणीत नव्हता.

म्हणून 20 मीटरचा आकडा नियम म्हणून पाळण्याची गरज मला वाटत नाही, पण त्यामागचा मुद्दा घ्यावा. पुढच्याच्या चाकाला चाक लावून, त्याच्या वाऱ्याच्या आडोशाने जाण्यात श्रम वाचतात हे खरे. साथ भरात असताना तेवढी बचत सोडून द्यावी. थेट मागे न राहता थोडे तिरके राहावे आणि वाहनांच्या रहदारीत हे शक्य नसेल तर सरळ मोठे अंतर ठेवावे. पुढे असलेल्याने थुंकताना किंवा नाक शिंकरताना मागे माणसे आहेत याचे भान ठेवावे. सायकलस्वारांची ही जुनी सवय साथ नसतानाही घाणेरडीच असते. आणि खरे सांगायचे तर मला तुमच्या रांगेपेक्षा रांग संपल्यावरची अधिक काळजी वाटते. शेवटी सगळे गोल करून, हेल्मेट काढून, मास्क हनुवटीवर ओढून अर्धा तास गप्पा मारतात आणि एकाच बाटलीने पाणी पितात, तेव्हा धोका सायकलीवरच्या सगळ्या वेळेपेक्षा जास्त असतो. सात-आठऐवजी दोघे-तिघे, आणि दर वेळी तेच, असा गट केल्यास बराच प्रश्न सुटेल.

प्रश्न : मास्कऐवजी गळ्यातला ताणणारा बफ नाकावर ओढून घेतला तर चालेल का?

चालेल, पण दुहेरी घडी करून. ऑगस्ट 2020 मध्ये एका छोट्या प्रयोगाच्या आधारे ‘बफ लावणे काहीच न लावण्यापेक्षाही वाईट’ अशा बातम्या आल्या होत्या. एकाच बफवर आणि मोजक्या मापनांवर एवढा निष्कर्ष काढणे घाईचे होते, आणि नंतरच्या चाचण्यांत दुहेरी बफ थेंब अडवण्यात बराच उपयोगी ठरला. एकेरी, पातळ आणि ताणून विरळ झालेला बफ मात्र फारसे काही अडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 5 जून 2020 रोजी कापडी मास्कसाठी तीन थर सुचवले होते : आत ओलावा शोषणारे सुती कापड, मध्ये न विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनसारखा गाळणारा थर, बाहेर पाणी न शोषणारे कापड. बफ त्या जागी बसत नाही. दुकानात किंवा लिफ्टमध्ये जायचे असेल, तर नीट बसणारा मास्क वेगळा जवळ ठेवावा.

प्रश्न : माझ्याकडे प्रदूषणासाठी घेतलेला, झडप असलेला मास्क आहे. तो पुरेसा आहे ना?

तुमच्यापुरता आहे, इतरांसाठी नाही. त्या झडपेतून उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो, म्हणून तर तो मास्क सायकलवर सुखाचा वाटतो. लोकांमध्ये जाताना झडप नसलेला मास्क वापरावा.

प्रश्न : चष्म्यावर वाफ धरते आणि हेल्मेट काढताना मास्कचे बंद त्याच्या पट्ट्यात अडकतात. काही उपाय?

वाफ धरते ती नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटींमुळे. मास्कच्या वरच्या कडेतली तार बोटांनी नाकाच्या हाडावर घट्ट दाबून बसवावी आणि चष्मा मास्कच्या कडेवर टेकेल असा घालावा. सायकल थांबली की वाफ वाढते, कारण समोरून येणारा वारा बंद होतो. पुन्हा निघताना काच स्वच्छ होईपर्यंत पेडलवर दुसरा पाय ठेवू नये. धूसर दिसत असेल तर मास्क खाली घ्यावा. अपघाताचा धोका त्या क्षणी संसर्गाच्या धोक्यापेक्षा मोठा असतो.

बंदांसाठी क्रम ठरवून घ्यावा : आधी मास्क, त्यावर हेल्मेटचे पट्टे, शेवटी चष्मा; काढताना याच्या नेमके उलट. कानांमागे फार दाटी होत असेल तर डोक्यामागे बांधायचे बंद असलेला मास्क घ्यावा. वाटेत वरचेवर काढघाल करावी लागणार असेल, तर मात्र कानांत अडकवायचाच बरा, कारण त्यासाठी हेल्मेट काढावे लागत नाही.

प्रश्न : तीन वर्षांचा मुलगा मागच्या सीटवर बसतो. त्याला मास्क लावावा का?

नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती करू नये, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट 2020 मध्ये सांगितले होते. शिवाय मागे बसलेल्या मुलाचा मास्क सरकून नाकातोंडावर दाटला तर तो तुम्हाला दिसणारही नाही.

प्रश्न : बाहेर नको म्हणून व्यायामशाळेतल्या स्थिर सायकलच्या वर्गाला जायचा विचार आहे. तेथे सायकली दूर दूर ठेवल्या आहेत.

तेथे जाण्यापेक्षा रस्त्यावर सायकल चालवा. ऑक्टोबर 2020 मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात अशाच एका वर्गातून अनेकांना संसर्ग झाला. सायकलींमध्ये अंतर होते, माणसे निम्मीच घेतली होती, पण सायकलवर बसल्यावर मास्क काढण्याची मुभा होती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या होनोलुलूमध्ये एका प्रशिक्षकाशी निगडित 21 रुग्ण आढळले. बंद खोली, धापा टाकणारी माणसे आणि संगीताच्या वर आवाज चढवून ओरडणारा प्रशिक्षक एकत्र आले की सूक्ष्म कण तासभर त्याच हवेत फिरत राहतात, आणि दोन मीटरच्या अंतराने त्यात फार फरक पडत नाही. जायचेच असेल तर खिडक्या समोरासमोर उघडता येतात का, प्रशिक्षक मास्क लावून ध्वनिवर्धकावरून बोलतो का आणि एका वर्गानंतर दुसरा लगेच सुरू होतो का, हे आधी विचारून घ्या.