स्पर्धात्मक स्ट्रॅटेजी गेम नवख्यांना इतके परके का वाटतात?

अवघड असतात म्हणून नव्हे. बुद्धिबळही अवघडच आहे, पण तिथे निदान हरलेला डाव पटावर उघडा दिसतो. या गेममध्ये आपण नेमके कुठे हरलो तेच कळत नाही.

'एज ऑफ एम्पायर्स २' घ्या. गेम १९९९चा, म्हणजे जुने खेळाडू पंचवीसहून अधिक वर्षे मुरलेले. त्यात अन्न-लाकूड गोळा करणारा एक गावकरी तयार व्हायला साधारण २५ सेकंद लागतात आणि टाउन सेंटर (गावकरी तयार करणारी मुख्य इमारत) काही न बनवता राहिले की तेवढे नुकसान. विसाव्या मिनिटाला सैन्य चालून येते तेव्हा नवख्याला वाटते, लढाईत हरलो. खरे तर तो पाचव्या मिनिटालाच मागे पडलेला असतो! त्यात रँक्डमध्ये (हार-जितीवर गुण ठरणाऱ्या सामन्यांत) सुरुवातीचे रेटिंग १००० मिळते, म्हणजे थेट मधल्या फळीतले प्रतिस्पर्धी. खाली घसरून आपल्या बरोबरीचे भेटेपर्यंत मार खायचा. बरेच जण तिथेच सोडतात.

'डोटा २'मध्ये शंभराहून जास्त हिरो (खेळायला निवडायची पात्रे) आहेत, शिवाय शत्रूला सोने मिळू नये म्हणून आपलेच मरणासन्न सैनिक मारायचे असतात. हे आपणहून कुणाला सुचेल? वर सांघिक खेळ, त्यामुळे तुमच्या एका चुकीचा फटका आणखी चौघांना बसतो आणि चॅटमध्ये उद्धार सुरू. (मी चॅट म्यूट करूनच शिकलो.)

सुरुवात करणार असाल तर एकच बिल्ड ऑर्डर (काय कधी बनवायचे याचा ठरलेला क्रम) घोटा आणि हरलेल्या डावाचे रेकॉर्डिंग प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने बघा.