तिच्या वतीनं रडू नकोस

प्रिय मुली,

स्त्रीरोग विभागात समुपदेशक म्हणून रुजू होतेयस, म्हणून लिहितेय. गर्भपात करून, म्हणजे पिशवी साफ करून आलेली बाई समोर बसली की ती दुःखीच असणार, असं धरून चालू नकोस. पुष्कळजणी पहिल्यांदा म्हणतात, "सुटले बाई!" ते खरं मान. खाली काही दडलंय का म्हणून उकरत बसू नकोस.

अमेरिकेत डायना ग्रीन फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी २००८ ते २०१० मध्ये गर्भपातासाठी आलेल्या सुमारे हजारजणींना अभ्यासात घेतलं आणि पाच वर्षं त्यांची विचारपूस केली. गर्भपात झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त जणी प्रत्येक वेळी म्हणाल्या, निर्णय बरोबर होता. पाच वर्षांनंतरही सुटकेची भावनाच सर्वांत जास्त जणींना होती. उलट ज्यांना गर्भपाताची मुदत उलटली म्हणून परत पाठवलं, त्यांची घालमेल सुरुवातीला अधिक होती.

तरी काहीजणी रडतील. रडू येणं म्हणजे पस्तावा नव्हे; बरोबर निर्णयाचंही वाईट वाटू शकतं. तिला हे सांग, फार हलकं वाटतं. आणि पाचव्या महिन्यात गर्भपात झाला असेल तर छातीत दूध येऊ शकतं, हे आधीच सांग. दोन-चार दिवसांनी ब्लाउज ओला झाला की बाई हादरते. तो पान्हा शरीराचा आहे, शिक्षा नव्हे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

खरा त्रास कुणाला होतो? जिला हे मूल हवं होतं, जिच्यावर घरच्यांनी जबरदस्ती केली, जिला कुणाजवळ बोलायची सोय नाही, जिचं मन आधीपासून आजारी आहे. म्हणून सोबत आलेल्यांना बाहेर बसव आणि विचार, "हे तुम्हाला स्वतःला हवं होतं का?" अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची सहसा फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची सही नाही म्हणून तिला अडवणं मला अजूनही संतापजनक वाटतं.

झोप उडाली, जेवण सुटलं, दोन आठवडे तसंच चाललं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठव. जीव नकोसा झाल्याचं बोलली तर त्याच दिवशी. टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही लिहून दे, पण साध्या चिठ्ठीवर, दवाखान्याच्या कागदावर नको.

नंतर चौकशीचा फोन करायचा असेल तर कुठल्या नंबरवर, किती वाजता, ते तिलाच विचार. दुसऱ्या कुणी उचलला तर दवाखान्याचं नाव न घेता ठेवून दे.

तुझी,
ताई